बायोडेटातून उर्दू का खोडायची?

निकालांचा हंगाम संपला की आपल्या मोहल्ल्यांमध्ये 'करिअर गाईडन्स'चा हंगाम सुरू होतो. शादीखाना भाड्याने घेतला जातो, पाहुण्यांच्या फोटोंचा बॅनर लागतो, तिलावत होते, गुणवंतांना ट्रॉफ्या वाटल्या जातात आणि 'पर्सनॅलिटी'वर दीड तासाचे भाषण होते. भाषणात काही चुकीचे नसते आणि कामाचेही फारसे नसते. खरा सल्ला मिळतो तो कार्यक्रम संपल्यावर, जिन्यात, हळू आवाजात. "बेटा, बायोडेटात 'उर्दू हायस्कूल' लिहू नकोस, नुसते हायस्कूल लिही. भाषांच्या रकान्यात उर्दू टाकू नकोस. मोहम्मदचा 'एम.' कर. पत्त्यात मोहल्ल्याचे नाव नको, पिनकोड पुरे. आणि मुलाखतीला जाताना दाढी जरा..."

हा सल्ला देणारे लोक वाईट नाहीत. त्यात निवृत्त अधिकारी असतात, आयटीत नोकरी करणारे तरुण असतात, माझ्यासारखे शिक्षकही असतात. मुलाला नोकरी लागावी एवढीच त्यांची इच्छा असते. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो जिन्यातून उचलून उघड्यावर आणला पाहिजे असे मला वाटते.

आधी एक गोष्ट मान्य करू. भीती खोटी नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी केलेला अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच अनुभवाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा होता. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश निघाले आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. २०२२ साली लेडबाय फाउंडेशनने मुलींच्या बाबतीत अशीच चाचणी घेतली. हबीबा अली आणि प्रियांका शर्मा अशी दोन काल्पनिक नावे, पात्रता सारखी, एक हजार जागांसाठी अर्ज. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आले, हबीबाला १०३ ठिकाणांहून.

त्यामुळे "मेहनत करा, नाव कोण बघतो?" असे मंचावरून सांगणाऱ्यांनी हे आकडे आधी वाचावेत. नाव बघितले जाते. खासगी नोकरीत धर्मावरून डावलले गेले तर दाद मागता येईल असा सर्वंकष कायदा आपल्या देशात नाही. समान संधी आयोग नेमावा, अशी शिफारस सच्चर समितीने २००६ सालीच केली होती. ती आजही कागदावर आहे. तेव्हा दोष कोणाचा, याबद्दल माझ्या मनात गोंधळ नाही. नाव वाचून अर्ज बाजूला सारणारा माणूस दोषी आहे. मुलगा नाही, त्याची भाषा नाही, त्याची शाळा तर नाहीच.

पण दोष कोणाचा हे ठरल्यावरही प्रश्न उरतो, की मुलाने काय करावे? लपवावे?

लपवून निभत नाही, हे पहिले उत्तर. बायोडेटात 'एम. ए. शेख' लिहिले, तरी मुलाखतीला मूळ कागद न्यावे लागतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर पूर्ण नाव असते, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शाळेचे नाव असते. ज्याला मुसलमान नको आहे तो कागद बघून तिथेच नकार देईल. मुलाचे एसटीचे भाडे गेले, दिवस गेला, आणि वर लपवालपवी पकडली गेल्याची शरम पदरी पडली.

उलट, नावाची मोडतोड केल्याने होणारे नुकसान अगदी रोजचे आहे. आपल्याकडे एकाच मुलाचे नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर 'मोहम्मद', आधारवर 'मोहम्मेद', पॅनवर 'मोहद' आणि बँकेत 'एमडी' असे चार प्रकारे लिहिलेले सापडते. वडिलांचे नाव कधी मधे, कधी शेवटी, कधी गायबच. नोकरी लागल्यावर भविष्यनिर्वाह निधीचे खाते आधारशी जुळत नाही, पोलीस पडताळणीत शंका निघते, पहिला पगार अडकतो. जिन्यातल्या सल्लागारांनी खरोखर मदत करायची असेल तर हे सांगावे: दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव, त्याच स्पेलिंगने आधार, पॅन, बँक आणि बायोडेटा. पूर्ण नाव, एकाच पद्धतीने, सगळीकडे.

दुसरे उत्तर असे, की तुम्ही जे खोडायला सांगता ते त्या मुलाचे कौशल्य आहे. आपल्या उर्दू शाळेतून निघालेली मुलगी उर्दू वाचते, लिहिते. हिंदी तिला समजते आणि देवनागरी येते. मराठी ती शाळेत शिकलेली असते. इंग्रजीही थोडीफार येते. दोन दिशांनी लिहिल्या जाणाऱ्या तीन लिप्या तिच्या हातात आहेत. दुसऱ्या कुठल्या मुलीने फ्रेंच किंवा जर्मनचा सहा महिन्यांचा वर्ग केला तर ती ते बायोडेटात सगळ्यात वर छापते. आणि आपण दहा वर्षे शिकलेली भाषा खोडायला सांगतो!

उर्दूची किंमत बाजारात नाही, असे म्हणणाऱ्यांनी २०२३ साल आठवावे. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकाळातले दफ्तर उघडले, तर त्यातला मोठा भाग उर्दूत आणि मोडीत. ज्या भाषेला कोपऱ्यात टाकले होते ती वाचणारी माणसे तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत शोधावी लागली. महसूल, वक्फ, जमिनीचे वाद, जुनी खरेदीखते, या सगळ्यांत हे काम पुढेही लागणार आहे. कचेऱ्या सोडा. भिवंडी, मालेगाव, नांदेड, अकोला, परभणी अशा शहरांतल्या दवाखान्याच्या काउंटरवर, औषध दुकानात, विम्याच्या आणि बँकेच्या कचेरीत समोर येणारी म्हातारी खाला ज्या भाषेत आपले दुखणे सांगते, ती समजणारा माणूस मालकाला हवा असतो. त्याला ते ठाऊक नसेल तर बायोडेटाने सांगायचे असते. खोडलेला शब्द ते कसे सांगणार?

तिसरे उत्तर मी शिक्षक म्हणून देतो. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला त्याच्या आयुष्यातला पहिला अधिकृत कागद तयार करताना आपण शिकवतो, की तुझी शाळा सांगण्यासारखी नाही, तुझी भाषा सांगण्यासारखी नाही, तुझा पत्ता सांगण्यासारखा नाही. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी मुलाखतीत ताठ बसेल, डोळ्याला डोळा देऊन बोलेल, अशी अपेक्षा कशी करायची? तो खुर्चीत बसलेला असतो तेव्हाही काहीतरी झाकत असतो. समोरच्याला काय झाकले ते कळत नाही, पण झाकतो आहे हे मात्र दिसते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. "सर, ज्याच्या घरची चूल पेटायची आहे त्याला तत्त्वे सांगू नका." मान्य. घरात आजारी माणूस असताना एखाद्या मुलाने नाव आखडून लिहिले, तर मी त्याला बोल लावणार नाही. हिजाब ठेवून जायचे की नाही, दाढी किती ठेवायची, हेही ज्याचे त्याने आणि जिचे तिने ठरवावे. त्यात मंचावरच्या पाहुण्याने बोलू नये आणि मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनीही बोलू नये. माझे भांडण त्या मुलाशी नाही. एका मुलाच्या मजबुरीला साऱ्या पिढीसाठी 'टिप' बनवणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो. त्यांचे म्हणणे असे, की नाव वाचूनच फेकतात, मग बायोडेटा नीट करून काय उपयोग? हे वाक्य चहाच्या टपरीवर फार ऐकू येते आणि म्हणणाऱ्याला काही करावे लागत नाही, ही त्याची सोय. पण वर दिलेला आकडा पुन्हा बघा. हबीबाला १०३ ठिकाणांहून उत्तर आले. निम्मी दारे बंद झाली हा अन्याय आहे, त्यावर बोललेच पाहिजे. पण जी शंभर दारे उघडली, तिथे आपण कोणता कागद घेऊन जातो?

तो कागद बघा. मुलगा झेरॉक्सच्या दुकानात जातो. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर एक तयार फाईल असते. कधी कधी ती लग्नाच्या बायोडेटाचीच फाईल असते. त्यात वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या, एखादवेळी उंची आणि रंगसुद्धा तसाच राहून जातो. वर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' म्हणून इंग्रजीतले एक लांबलचक वाक्य, ज्याचा अर्थ मुलाला सांगता येत नाही. छंद: क्रिकेट, वाचन. वाचनात काय वाचतोस, असे विचारले की मुलगा गप्प. अनुभव: 'फ्रेशर'. शेवटी 'वरील माहिती खरी आहे' आणि सही. वीस रुपये देऊन मुलगा दहा प्रती काढतो आणि त्याच दहा प्रती बँक, शोरूम, शाळा, रुग्णालय अशा सगळीकडे वाटतो.

आणि हा 'फ्रेशर' कोण असतो? मालेगावात असेल तर आठवीपासून सुट्टीत यंत्रमागावर उभा राहिलेला असतो. सूत तुटले की मागाच्या आवाजावरून त्याला कळते. भाजीच्या गाड्यावर अब्बांच्या शेजारी बसून उधारीची वही त्याने पाच वर्षे लिहिलेली असते. मुलगी असेल तर गल्लीतल्या बारा पोरांची शिकवणी घेऊन तिने स्वतःची फी भरलेली असते. अम्मीच्या शिलाईकामाची मापे, ऑर्डर, हिशेब तीच बघत असते. कोणी हाफिज असतो, म्हणजे वर्षानुवर्षे पहाटे उठून रोजचा सबक पाठ करण्याची सवय त्याच्या अंगी असते. यातले काहीही बायोडेटात नसते. कारण 'काम' म्हणजे पगाराची पावती मिळते ते, असे कोणीतरी त्यांना शिकवलेले असते.

हे लिहायला शिकवणे म्हणजे बायोडेटा शिकवणे. 'मी मेहनती आणि प्रामाणिक आहे' या वाक्याला कागदावर किंमत नाही, कारण आळशी माणूसही तेच लिहितो. त्याऐवजी असे लिहा: 'वडिलांच्या फळविक्रीच्या व्यवसायात २०१९ पासून रोजची खरेदी, विक्री आणि सुमारे चाळीस गिऱ्हाइकांच्या उधारीचा हिशेब सांभाळतो.' किंवा: 'इयत्ता पाचवी ते सातवीच्या बारा विद्यार्थ्यांना तीन वर्षे गणित आणि मराठी शिकवले.' किती काळ, किती माणसे, कोणते काम. जे आकडे खरे असतील तेच. एक पान पुरते. जिथे अर्ज करायचा त्या जागेला लागणारी गोष्ट वर, बाकीची खाली. बँकेसाठी उधारीची वही वर येईल, शाळेसाठी शिकवणी. म्हणजे दहा ठिकाणी एकच झेरॉक्स चालणार नाही. जात, धर्म, वडिलांचे उत्पन्न, वैवाहिक स्थिती हे खासगी नोकरीच्या बायोडेटात लिहायची गरज नाही. हे लपवणे नव्हे. कामाशी संबंध नाही म्हणून लिहायचे नाही. उर्दूचा कामाशी संबंध आहे, म्हणून ती लिहायची. हा फरक मुलांना नीट समजावून सांगावा लागतो.

इथे काही मुले अडतात. स्वतःविषयी चांगले लिहिणे त्यांना गुरूर वाटतो. घरात शिकवण असते, की 'अपने मुँह मियाँ मिठ्ठू' बनू नये. त्यांना मी हजरत यूसुफ यांचा किस्सा सांगतो. मिसरच्या बादशहापुढे उभे राहून त्यांनी स्वतःच सांगितले, की धान्याची कोठारे माझ्याकडे सोपवा, मला राखण करता येते आणि त्यातले ज्ञान आहे. जागा कोणती हवी ते सांगितले, त्या जागेला लागणारे दोन गुण सांगितले, आणि थांबले. तुरुंगातून आलेला, परदेशी, वेगळ्या धर्माचा माणूस. त्याने आपला आगापिछा लपवला नाही आणि त्याचे रडगाणेही गायले नाही. मुलाखतीत याहून वेगळे काय करायचे असते?

मुलाखतीची गोष्ट निघालीच आहे तर मराठीचेही बोलू. आमची उर्दू शाळेतली मुले तकरीर उत्तम करतात. मीलादच्या जलशात आठवीतला पोरगा दहा मिनिटे न अडखळता बोलतो. तोच पोरगा तालुक्याच्या कचेरीत 'साहेब, माझा अर्ज...' म्हणून अडतो. त्याला मराठी येत नाही असे नाही. मराठीत उत्तरपत्रिका त्याने लिहिली आहे, पण कोणाशी भांडण, सौदा, थट्टा मराठीत केलेली नाही. मराठीचा तास उर्दूतून अर्थ सांगून आणि प्रश्नोत्तरे पाठ करून संपतो. महाराष्ट्रात नोकरी करायची आहे आणि मराठीत दोन मिनिटे स्वतःबद्दल बोलता येत नाही, याचे खापर कोणत्याही भेदभावावर फोडता येणार नाही. हे शाळांचे काम आहे आणि शाळांनीच ते करायला हवे. तुमच्या बोलण्यात दखनीची लय येईल. येऊ द्या. कोकणातला माणूस कोकणी वळणाने बोलतो, नागपूरचा वऱ्हाडी वळणाने. लय बदलायची गरज नाही, वाक्य पूर्ण करायची गरज आहे.

तयारी फार मोठी नसते. स्वतःबद्दल सांगा, हेच काम का हवे, आधी काय केले, कोणती अडचण आली आणि कशी सोडवली, पगार किती अपेक्षित आहे: या पाच प्रश्नांची उत्तरे मोठ्याने, घराबाहेरच्या माणसासमोर, दहा वेळा बोलायची. ज्या जागी जायचे ती काय बनवते, काय विकते, हे आदल्या दिवशी माहीत करून घ्यायचे. मूळ कागद एका फाईलमध्ये, झेरॉक्सचा संच दुसऱ्या. आणि सहावा प्रश्न, जो आपल्या मुलांना हमखास येतो, त्याचीही तयारी करायची. "शुक्रवारी सुट्टी लागेल का?" त्यावर चिडायचे नाही आणि ओशाळायचेही नाही. "सुट्टी नको, दुपारी अर्धा-पाऊण तास लागेल, तो जेवणाच्या वेळेत बसवेन किंवा संध्याकाळी भरून काढेन." एवढेच. यावर ज्याने नाक मुरडले त्याच्याकडे काम करणे पुढेही कठीणच गेले असते.

आता जे बोलायचे राहिले आहे ते सगळ्यात कडू आहे. कौमच्या मंचावरून भेदभावाविरुद्ध बोलणाऱ्या अनेक मंडळींच्या हातात स्वतःच्या शिक्षणसंस्था आहेत. घटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. त्या हक्काच्या आधारे शिक्षक निवडण्याची मोकळीकही मिळते. त्या मोकळिकीचे अनेक ठिकाणी काय झाले आहे, हे बीएड झालेल्या कोणत्याही मुलाला विचारा. जाहिरात कुठल्या तरी न वाचल्या जाणाऱ्या पेपरच्या कोपऱ्यात येते. बीडहून, जालन्याहून, वाशिमहून मुले रात्रीच्या एसटीने येतात. बाहेरच्या बाकावर चार तास बसतात. आत गेल्यावर दोन प्रश्न: कुठले गाव, कोणाचे कोण? फाईल उघडलीही जात नाही. कारण जागा कोणाला द्यायची ते ठरलेले असते. पुतण्या, जावई, बिरादरीचा मुलगा, नाहीतर 'डोनेशन' देणारा. आणि ज्या जागेसाठी लाखांत बोलणी होतात, तिथे शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षे मिळणारे मानधन आहे महिना १६ ते २० हजार.

खासगी कंपनीतला माणूस आडनाव वाचून अर्ज फेकतो, त्याला आपण तास्सुब म्हणतो. मग आपल्या संस्थेत बिरादरी विचारून अर्ज फेकला जातो, त्याला काय म्हणायचे? केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीच्या पदांसाठी मुलाखती बंद केल्या, कारण मुलाखत हे वशिल्याचे दार बनले होते. ते दार आपल्या अनेक संस्थांमध्ये सताड उघडे आहे. अशा तीन-चार मुलाखती दिलेला मुलगा काय शिकतो? तयारी करणे मूर्खपणा आहे, एवढेच. त्यानंतर त्याला शादीखान्यात बोलावून 'तयारी करा' म्हणून सांगायचे, ही त्याची चेष्टा आहे.

म्हणून भाषणे बंद करा असे मी म्हणत नाही, पण भाषणाआधी काही कामे करा. आपल्या संस्थेच्या मुलाखतीत बाहेरचा एक विषयतज्ज्ञ बसवा. प्रत्येक उमेदवाराकडून वर्गात वीस मिनिटांचा पाठ घ्या, त्याचे गुण लिहा आणि यादी फलकावर लावा. ज्याला नाकारले त्याला आठ दिवसांत कळवा. याला पैसे लागत नाहीत, नियत लागते. ट्रॉफ्यांच्या खर्चात प्रत्येक उर्दू शाळेत एक जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर येईल, जिथे मुले बायोडेटा स्वतः टाईप करतील. मोहल्ल्यात बँकेतून, एसटीतून, महापालिकेतून निवृत्त झालेली माणसे आहेत. त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ टेबलाच्या पलीकडे बसून मुलांना मराठीत प्रश्न विचारावेत. मंच नको, माईक नको, हार नकोत. आणि समान संधीच्या कायद्याची मागणी निवडणुकीपुरती न ठेवता दरवर्षी, लेखी, आपल्या आमदार-खासदाराकडे करत राहावी.

या हंगामात जी मुले-मुली बायोडेटा करायला बसतील त्यांना एवढेच सांगतो. पूर्ण नाव लिहा, दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसे. शाळेचे नाव पूर्ण लिहा. भाषांच्या रकान्यात मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी लिहा आणि कोणती बोलता, कोणती वाचता, कोणती लिहिता तेही लिहा. मग त्यातली मराठी उद्या संध्याकाळपासून मोठ्याने बोलायला सुरुवात करा.